आलुबुखाऱ्याची गोधडी

हिरालालनं पस्तीस वर्षं सरकारी नर्सरीत कलमं बांधली. आंब्याची, पेरूची, लिंबाची, चिकूची. बालाघाटातून निघून कटंगीला जा, नाही तर खैरलांजीकडच्या धानाच्या गावांत जा, कुठल्या ना कुठल्या बांधावर त्याच्या हातचं झाड उभं दिसणारच. रिटायर होऊन आठ वर्षं झाली तरी लोक त्याला हिरालाल कमी आणि कलमवाले भाऊ जास्त म्हणायचे. कुणाचं लिंबू रुसलं, कुणाचा पेरू अडून बसला, की चला कलमवाल्या भाऊकडे. हा जायचा, झाडाभोवती एक फेरी मारायचा, खोड नखानं खरवडून पाहायचा आणि सांगायचा, "याचे लाड होऊन राह्यले. पाणी बंद करा. पंधरा दिवस उपाशी ठेवा याले." पंधरा दिवस झाडाचे हाल व्हायचे, आणि पुढच्या महिन्यात ते फुलांनी लदबदून जायचं.

अशा या माणसाच्या स्वतःच्या बाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, एक आलुबुखाऱ्याचं झाड होतं. सहा वर्षं झाली होती, त्या झाडाला ना फूल ना फळ. पावसाळ्यात पानं मात्र अशी हिरवीगार की बघत राहावं. वॉर्डातले लोक म्हणायचे, दिव्याखाली अंधार तो असा. हिरालाल हसून सोडून द्यायचा. "पहाडातलं झाड आहे, टाइम लागते त्याले," एवढंच बोलायचा आणि दुसऱ्याच्या लिंबाकडे निघून जायचा.

लोकांचं सोडा, सगळ्यात जास्त बोलायची ती त्याची बायको जिजाबाई. आणि तिला तो हक्क होता, कारण या झाडापायी तिची गोधडी गेली होती.

गोधडी साधी नव्हती. जिजाबाईचं माहेर तुमसरचं. लग्नात तिच्या आईनं आपली सात जुनी लुगडी एकावर एक घालून, वर हिरव्या काठाची आठवी लावून शिवून दिलेली. चाळीस वर्षं जिजाबाई तीच पांघरत आली. मग एका अगहनात, डिसेंबरची थंडी सुरू झाली तशी, हिरालालनं ती पेटीतून काढली, बाडीत नेली आणि झाडाला गुंडाळली. म्हणजे आधी बुंध्याभोवती धानाचं वाळलेलं तणस रचलं, त्यावर धानाची रिकामी पोती बांधली, आणि सगळ्यांवरून सासूबाईंची आठ लुगडी. वरून सुतळीचे फेरे. शिवाय संध्याकाळी एका घमेल्यात गोवऱ्यांचे निखारे घेऊन झाडाच्या पायाशी ठेवायचा. दर दिवाळीला फांद्या छाटून झाड माणसाएवढंच राखायचा, कारण त्याहून उंच झालं तर गोधडी पुरणार नाही.

"म्या कुडकुडावं अन् झाडानं गोधडीत झोपावं?" जिजाबाई म्हणाली. "काय म्हणतीन लोक?"

"तू चालती-फिरती आहे. चुलीजवळ बसशील, उन्हात बसशील. ते बिचारं एका जागी उभं आहे."

आता याला काय बोलणार? जिजाबाईनं कपाळावर हात मारला. तिला वाटलं एका वर्षाचं वेड असेल. पण दुसऱ्या हिवाळ्यातही गोधडी बाडीत गेली, तिसऱ्यातही गेली. येणारे-जाणारे कुंपणावरून डोकावून विचारायचे, "काय काकू, बिमार आहे काय घरात कोणी?" ती म्हणायची, "हौ, आहे ना. आमचे हे."

झाड आणलं होतं लोकेशनं. लोकेश त्यांचा एकुलता एक मुलगा. तिकडे हिमाचलात एका हॉटेलात मॅनेजर झाला, तिकडचीच बायको केली, तिकडेच घर केलं. सहा वर्षांपूर्वी पौषात एकटाच चार दिवस आला, तेव्हा ओल्या पोत्यात बांधून हातभर काडी घेऊन आला होता. "बाबा, कम ठंडी की जात आहे, इकडे चालन," म्हणाला. बापलेकांनी मिळून खड्डा खणला. माती लोटता लोटता लोकेश म्हणाला, "याले फळ लागलं का मी येतो. बायकोले घेऊन येतो. सगळे मिळून खाऊ." हात धुतले, संध्याकाळची गाडी पकडली आणि गेला.

तो काही आला नाही. फोन यायचा, नाही असं नाही. आठ-पंधरा दिवसांनी यायचा. जिजाबाई विचारायची, कधी येतो? तो तिकडून विचारायचा, "फळ लागलं काय?" नाही लागलं. "मंग? लागू द्या ना. शब्द दिला आहे मी." आणि हसायचा. नातू मोहित पाच वर्षांचा झाला, त्यानं बालाघाट पाहिलेलं नाही. फोनवर दिसायचा, "दादी नमस्ते" म्हणायचा आणि पळायचा.

म्हणून जिजाबाईचा त्या झाडावर राग होता. गोधडीचा राग वरवरचा, खरा राग हा. पोरगा आणि घर यांच्यामध्ये हे एक ठोंब उभं आहे, ते फुलत नाही म्हणून पोरगा येत नाही, असा तिचा साधा हिशेब होता. आणि ज्यानं अख्ख्या जिल्ह्याची झाडं फुलवली त्याला आपल्या बाडीतलं एक फुलवता येऊ नये, याची तिला मनापासून चीड होती. तरी एक गोष्ट तिच्या ध्यानात यायला हवी होती. पहिले तीन हिवाळे ते झाड उघडंच होतं. तेव्हा ते हातभर होतं, कोवळं होतं, आणि त्याला थंडी वाजल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. चौथ्या हिवाळ्यात ते चांगलं धट्टंकट्टं झालं, आणि तेव्हा हिरालालला त्याची एकाएकी माया आली.

सहाव्या वर्षी फागुनात शेजारची शेवंताबाई म्हणाली, "जिजाबाई, कुऱ्हाड दाखवा त्याले."

शेवंताबाई आणि तिचा नवरा प्रेमलाल हे कटंगीकडचे शेतकरी, लेकाच्या नोकरीपायी बालाघाटात येऊन राहिलेले. त्यांच्या गावाकडे रीत होती. झाड फळत नसलं की दोघांनी जायचं. एकानं कुऱ्हाड घ्यायची, तिचा बोथट भाग खोडाला तीनदा लावायचा आणि म्हणायचं, तोडतो याला. दुसऱ्यानं आडवं पडायचं. नको तोडू, पुढच्या साली देईल, मी जामीन. झाड हे सगळं ऐकतं. भितं किंवा लाजतं, आणि पुढच्या वर्षी फळतं.

हिरालालनं हे ऐकलं आणि चष्मा काढला. "आमी विहारात जाणारी माणसं. असले ढोंग आमच्या घरी चालत नाही. झाडाले कान कुठं असते?"

"अन् थंडी वाजते ती कुठं वाजते?" जिजाबाईनं विचारलं.

हिरालालनं चष्मा परत चढवला. "अन् यात देव कुठं आला?" ती पुढं म्हणाली. "कुऱ्हाड तर आहे. उद्या सकाळी प्रेमलालभाऊले घेऊन ये, शेवंता. मी होईन जामीन."

सकाळी सगळे जमले. प्रेमलाल धुतलेलं धोतर नेसून, कुऱ्हाडीला कुंकू लावून आला. शेवंताबाईची नात खुशी शेतकीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती, तिनं मोबाइल काढला. हिरालाल ओसरीवर पेपर उघडून बसला होता, आपला याच्याशी काडीचाही संबंध नाही अशा थाटात. पेपर उलटा होता, हे खुशीच्या व्हिडिओत नंतर सगळ्यांनी पाहिलं.

प्रेमलालनं कुऱ्हाड खोडाला तीनदा टेकवली. मोठ्यानं म्हणाला, "खाते, पिते, जागा अडवते अन् देत काही नाही. तोडू का याले?"

जिजाबाईनं म्हणायचं होतं, नको.

जिजाबाई झाडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तोडा."

"अवं, असं नाही म्हणायचं," शेवंताबाईनं तिला कोपरानं ढोसलं.

"तोडा म्हणते ना मी! सहा वर्षं झाले याच्या नावानं माझा लेक घरी येऊन नाही राह्यला. नातू पाच वर्षांचा झाला, त्याचा हात कसा लागते मले मालूम नाही. काय करू मी जामीन होऊन? तोडा अन् टाका चुलीत!" तिचा आवाज फुटला. पदर तोंडात गेला.

प्रेमलालची मोठी पंचाईत झाली. त्याच्या उभ्या आयुष्यात जामिनानं तोडा म्हटलेलं नव्हतं. पण तो शब्दाला पक्का माणूस. विचारलं आहे, उत्तर मिळालं आहे, आता मागे कसं हटणार? त्यानं कुऱ्हाड फिरवून धार पुढं केली आणि खरोखरच वर उचलली.

तेवढ्यात ओसरीवरून पेपर उडाला. हिरालाल अनवाणी धावत आला आणि झाडाला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभा राहिला. "मी जामीन!" तो ओरडला. "मी जामीन आहे ना! पुढच्या साली फुलन, फळन, सगळं होईन! खाली करा ते कुऱ्हाड, प्रेमलालजी!"

महिनाभर तो व्हिडिओ वॉर्डात फिरला. विहारातले लोक हिरालालला पाहिलं की म्हणायचे, "जय भीम, जामीनसाहेब." खुशीनं तो लोकेशलाही पाठवला. त्यानं हसण्याची सात-आठ चित्रं परत पाठवली.

पण खुशी नुसती व्हिडिओवाली नव्हती, पोरगी डोक्याची होती. एक दिवस ती जिजाबाईकडे आली आणि म्हणाली, "आजी, मैंने सर से पूछा. आलुबुखाऱ्याले थंडी पाह्यजे. थंडी भेटली नाही ना, तर कळी उघडतच नाही. ही कमी थंडीची जात असन तरीबी दोन-तीनशे घंटे लागतातच. अपने यहाँ पूस-माघ में उतनी आरामसे मिल जाती है. अन् आजोबा त्याले गोधडी पांघरून, शेगडी लावून गरम ठेवतात. फुलन कसं?"

जिजाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. तिनं पुन्हा एकदा सगळं विचारून घेतलं. मग तिला हसू आलं, आणि हसता हसता असा संताप आला की काय सांगावं. म्हणजे झाडाचा दोष नव्हता! पस्तीस वर्षं नर्सरीत काढलेला हा माणूस, दुसऱ्यांना सांगतो झाडाचे लाड करू नका, आणि स्वतः! कालची पोरगी कॉलेजात जाऊन शिकली ते याला साठी उलटून समजलं नाही.

संध्याकाळी तिनं ते हिरालालला ऐकवलं, जरा चढ्या आवाजातच ऐकवलं. तो शांतपणे ऐकत राहिला.

"अस्सं?" तो म्हणाला. "हे तर मले मालूमच नव्हतं. पोरगी हुशार आहे हं."

जिजाबाईला वाटलं, चला, सुटलो. पण पुढचा अगहन आला आणि बघते तर काय, हा पुन्हा पेटी उघडून बसलेला. पालथ्या घड्यावर पाणी!

"अवो, खुशीनं सांगतलं ना?"

"कॉलेजातलं कॉलेजात. अनुभव वेगळा असते," तो म्हणाला आणि गोधडी खांद्यावर टाकून निघाला.

पण त्या वर्षी नशीब जिजाबाईच्या बाजूनं होतं. हिरालालच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. कलमाचा जोड त्याला दिसेनासा झाला होता आणि गोवरी समजून एकदा त्यानं चप्पल निखाऱ्यावर ठेवली होती. राजेगावजवळ महाराष्ट्राची सीमा ओलांडून बसनं दोघं गोंदियाला गेली. डॉक्टरनं आठवड्याभरात एक डोळा केला आणि दुसरा जानेवारीत करायचं ठरवलं. बजावून सांगितलं, धूर नको, धूळ नको, वाकायचं नाही, गार वाऱ्यात जायचं नाही. जिजाबाईनं एकेक सूचना डॉक्टरकडून दोनदा वदवून घेतली. इतक्या भक्तिभावानं तिनं आजवर कुणाचंच ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर तिनं हिरालालला पुढच्या खोलीत बाजेवर बसवलं, काळा चष्मा लावला आणि बाडीचं दार लावून घेतलं.

"झाड पांघरलं का?" तो रोज संध्याकाळी विचारायचा.

"हौ, पांघरलं."

"खालून घेतलं का नीट? बुंध्याशी फट नको राहू देऊ."

"नाही राह्यली. घ्या तुमी, दूध प्या."

गोधडी तिनं त्याच दिवशी झाडावरून सोडली होती. धुतली, दोन दिवस उन्हात टाकली आणि स्वतः पांघरायला घेतली. तीन हिवाळ्यांनंतर आईच्या लुगड्यांची ऊब अंगाला लागली. त्या वर्षी थंडीही अशी पडली की सकाळी बादलीतल्या पाण्यात हात घालवेना. जिजाबाई पहाटे उठून बाडीत जायची. झाड उघडं, निष्पर्ण, काळं पडून उभं असायचं. तिला त्याची दया यायची, तरी म्हणायची, "सोस बाबा. सोस. माझ्या लेकासाठी सोस." त्याच्याशी असं गोड ती आजवर बोलली नव्हती.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती बाडीत गेली आणि दारातच थांबली. काळ्या काड्यांवर पांढरी फुलं आली होती. पान एकही नव्हतं, नुसती फुलं. मधमाश्या घोंघावत होत्या. जिजाबाई धावत आत गेली, हिरालालचा काळा चष्मा ओढून काढला आणि त्याला हाताला धरून बाडीत आणलं.

"पा! पा तुमी! जामिनातून सुटले तुमी!"

हिरालालनं नव्या डोळ्यांनी ते झाड पाहिलं. एकेक फांदी पाहिली. मग तो तिथंच, तणसाच्या ढिगावर खाली बसला.

"तू गोधडी काढली?"

"हौ, मीच काढली! तुमी काय फुलवलं असतं? म्हातारे झाले तुमी. तुमच्या डोळ्यांतच नाही, डोक्यातबी मोतीबिंदू झाला होता."

तो तसाच बसून राहिला. आनंदानं माणूस असा बसतो कधी कधी, असं जिजाबाईला वाटलं. ती म्हणाली, "लोकेशले फोन लावा."

"फुलं आहेत अजून. फळ धरू दे."

फळं धरली, बारीक बोराएवढी झाली. जिजाबाई म्हणाली, लावा फोन. तो म्हणाला, गळतात या दिवसांत, थांब जरा. वाऱ्यानं बरीच गळालीही. मे लागला. अकरा फळं राहिली. ती फुगली, मग लालसर झाली. पोपटांपासून वाचवायला जिजाबाईनं झाडावर जुनी मच्छरदाणी टाकली आणि दुपारभर काठी घेऊन तिथं बसू लागली. तिनं पुढची खोली सारवून घेतली होती. मोहितसाठी शेवंताबाईकडून एक लहान खाट मागून आणली होती. तांदळाच्या पापड्या केल्या होत्या, लोकेशला आवडायच्या म्हणून. हिरालाल मात्र रोज काही ना काही कारण काढायचा. अजून पिकलं नाही, अजून रंग भरू दे.

शेवटी एका रविवारी तिनं खुशीला बोलावलं आणि स्वतःच फोन लावून घेतला, चेहरा दिसणारा. हिरालाल मागं उभा राहिला.

"लोकेश, पा काय आहे ते!" तिनं मच्छरदाणी उचलली.

"अरे वा!" तिकडून लोकेश ओरडला. "लाल झाले की हो! मोहित, इधर आ, देख दादी के घर का आलुबुखारा."

मोहितचं तोंड दिसलं. "दादी, इतने छोटे?" आणि गेलं.

"आता ये," जिजाबाई म्हणाली. "खाट आणून ठेवली आहे मोहितची. कधी निघतो सांग."

तिकडे लोकेशनं फोन या हातातून त्या हातात घेतला. मग लोकेश म्हणाला, "माय, आता सीझन आहे ना. मे-जूनमध्ये हॉटेल फुल असते. सुट्टीचं नावबी काढता येत नाही."

"मंग चार दिवसच ये."

"अन् किती आहेत? अकरा? अवं माय, अकरा फळांसाठी दोन दिवस जायचे, दोन दिवस यायचे? खा तुमी दोघं मस्तपैकी. पुढच्या साली झाड मोठं होईन, टोपलीभर लागू द्या. मंग आमी तिघंबी येतो, आठ दिवस राहतो. पक्का." आणि तो हसला. "मी जामीन!"

खुशीनं फोन हळूच बंद केला, "आजी, मैं आती हूँ," म्हणाली आणि कुंपणाच्या फटीतून निघून गेली.

जिजाबाई काठी घेऊन उभी होती ती उभीच राहिली. एक पोपट मच्छरदाणीवर येऊन बसला, तिनं त्याला हाकललं नाही. मग तिच्या लक्षात आलं की हिरालालला काहीच धक्का बसलेला नाही. तो नेहमीसारखा बुंध्याजवळची माती हातानं सारखी करत होता.

"तुमाले मालूम होतं," ती म्हणाली.

तो माती सारखी करत राहिला.

"तो येणार नाही हे तुमाले मालूम होतं."

"जिजा," हिरालाल म्हणाला, "पस्तीस वर्षं नर्सरीत काढले मी. आलुबुखाऱ्याले थंडी लागते हे मले मालूम नसन?"

जिजाबाईनं काठी झाडाला टेकवली.

"तिसऱ्या साली पाच फुलं आलते," तो म्हणाला. "पाचच. तुले दाखवायच्या आधी त्याले फोन केला. इतका आनंद झालता मले. म्हटलं, फुललं रे, आता यायची तयारी कर. तर म्हणाला, बाबा, फूल म्हणजे काही फळ नाही. अन् फळ आलं तरी या साली जमणं कठीण दिसते. नवी नोकरी आहे." हिरालालनं हात झटकले. "मी ते पाची फुलं खुडले अन् खिशात टाकले. मंग हिवाळ्यात तुझी गोधडी काढली."

"मले सांगतलं काहून नाही?"

"काय सांगू? तू रोज या झाडाले शिव्या देत होती. मले बरं वाटे. फुलत नव्हतं तोवर दोष झाडाचा होता ना. पोराचा नव्हता."

जिजाबाई मटकन खाली बसली आणि रडली. पोरावर रडली, आपल्यावर रडली. अख्खा हिवाळा ज्याला वेडा समजून फसवलं, रोज संध्याकाळी "हौ, पांघरलं" म्हणून खोटं सांगितलं, त्या माणसाच्या खांद्यावर डोकं टेकवून रडली. त्यानं तिच्या पाठीवर मातीचाच हात ठेवला.

संध्याकाळी त्यांनी फळं तोडली. दोन खुशीला दिली, एक शेवंताबाईला, एक प्रेमलालला, कुऱ्हाडीचा मान म्हणून. उरलेली सात दोघांनी ओसरीवर बसून खाल्ली. आंबट होती. जिजाबाई म्हणाली, गोड आहेत.

लहान खाट तिनं दुसऱ्या दिवशी परत केली. लोकेशचा फोन पंधरा दिवसांनी आला तेव्हा त्यानं विचारलं, "कसे होते?" ती म्हणाली, चांगले होते. "मंग पुढच्या साली टोपलीभर, हं?" हौ, म्हणाली.

पावसाळा गेला, धान कापून झाला, अगहन लागला. वारा बोचू लागला तशी एका दुपारी शेवंताबाईनं कुंपणावरून पाहिलं, तर जिजाबाई झाडाभोवती तणस रचत होती. पोती बांधून झाली. मग तिनं घरातून गोधडी आणली, हिरव्या काठाची, धुऊन घडी घातलेली.

"अवं जिजाबाई!" शेवंताबाईनं हाक मारली. "वेड लागलं काय? खुशीनं सांगतलं ना, त्याले थंडी पाह्यजे. मागच्या साली उघडं ठेवलं तर फुललं का नाही? यंदा टोपलीभर लागतीन."

"यंदा लय थंडी आहे, बाई," जिजाबाई म्हणाली. "सोसणार नाही."

"कोणाले?"

जिजाबाईनं गोधडीची घडी उलगडली. ती गोधडी झाडाभोवती फिरवत होती, पण एकटीचा हात पुरत नव्हता. हिरालाल ओसरीवरून उठून आला आणि त्यानं सुतळीचं दुसरं टोक धरलं.

"खालून घट्ट घे," तो म्हणाला. "तिथूनच थंडी शिरते."